आवडाबाईची बारी

कातळवाडीच्या महिपतबुवा धनावड्यांची एक जुनी सवय आहे. कुणी त्यांच्याशी भांडायला आलं, की ते आधी त्याला पडवीत बसवतात, पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे करतात आणि म्हणतात, "हां, आता तुमची बारी." मग समोरचा दमेपर्यंत एक अक्षर बोलत नाहीत. हुंकारसुद्धा देत नाहीत. त्याचं संपलं की घसा खाकरून स्वतः सुरू होतात, आणि तेव्हा मात्र कुणी मधे तोंड घातलेलं त्यांना खपत नाही. वाडीतली निम्मी भांडणं अशीच विझतात, कारण कुणी न अडवता एकट्याने दहा मिनिटं भांडत राहणं हे भलतंच कठीण काम आहे.

ही सवय जाखडीतली, म्हणजे कोकणातल्या नाच-गाण्याच्या सामन्यातली. बुवा तुरेवाल्यांचे शाहीर. शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा सामना लागला की मधे मृदंग-झांजांसोबत शाहीर बसतो आणि भोवती पायात चाळ बांधलेली पोरं फेर धरून नाचतात. एका बाजूने आपली बारी गायची, पुराणातला सवाल टाकायचा, चिमटे काढायचे, समोरच्या बुवाच्या गुरूपासून टकलापर्यंत सगळं काढायचं. मग दुसऱ्या बाजूने आपल्या बारीत त्याची परतफेड करायची. रत्नागिरीबाहेरचा माणूस पहिल्यांदा ऐकेल तर त्याला वाटेल, आता इथे डोकी फुटणार. पण सामना संपला की दोन्ही शाहीर एकमेकांना मिठी मारतात आणि एका पंगतीला जेवतात. मंडपात म्हटलेलं मंडपातच ठेवून यायचं, असा दंडक आहे.

बुवांचं शिक्षण चौथीपर्यंत. सोळाव्या वर्षी मुंबईला गेले, कापडाच्या गोदामात पाच वर्षं गाठोडी उचलली, आणि वडील गेल्यावर परत आले ते कायमचे. भात, नाचणी, थोडे काजू. गाणी रचायला त्यांना कागद लागत नाही. गवत कापता कापता ओळ जुळते, बांधावर बसलेल्या हौसाकाकींना ती पहिली ऐकवली जाते, आणि काकी 'हं' म्हणाल्या तरच ती संध्याकाळी वहीत चढते. हौसाकाकी म्हणजे त्यांची बायको. अशा चाळीसेक वह्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. माणूस तसा साधा, पण एका बाबतीत त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत. 'चाळीस वर्षं गायलो, पण खोटं गायलो नाही,' हे वाक्य ते महिन्यातून चारदा तरी म्हणायचे. लोकही मानायचे. बुवांनी गाण्यात घेतलं म्हणजे त्यात तथ्य असणार, ही गोष्ट सातही वाड्यांत धरूनच चालायची.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं गाणं कुठलं, हे कुणीही झोपेत सांगेल. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं. चाकरमानी मुंबईहून आले होते, वाडीची पूजा होती, आणि शक्तीवाल्यांकडून विठूबुवा नावाचे जाडजूड शाहीर सामन्याला आले होते. विठूबुवांनी समुद्रमंथनावर असा काही अडचणीचा सवाल टाकला की महिपतबुवांना त्याचं उत्तर येईना. मृदंगवाला उगाच ठेका लांबवत राहिला. चाळ बांधलेल्या पोरांचे तीन फेर रिकामे गेले. आणि मग बुवांनी एकदम सूर लावला:

"आवडाबायची पाटी आली, माशी पुढं धावं,
मासा विचारी माशीला, आज कोणता गाव?"

मंडप कोसळायचा बाकी राहिला. माणसं मांड्या थोपटून हसली, बायका पदर तोंडात कोंबून हसल्या, स्वतः विठूबुवा हसता हसता सवाल विसरले. ढाल तुरेवाल्यांना मिळाली. कुणीतरी टेपरेकॉर्डर लावलेला होता. त्या कॅसेटच्या प्रती निघाल्या आणि परतणाऱ्या चाकरमान्यांबरोबर मुंबईलाही पोचल्या.

आता आवडाबाई कोण, ते सांगायला हवं. ती पूर्णगडची. तेव्हा पन्नाशीची असेल. बंदरावरून मासळी घेऊन, पाटी डोक्यावर ठेवून, चढण चढून वर यायची आणि सात वाड्या फिरायची. बांगडे, सौंदाळे, कधी कर्ली. तिची हाळी ऐकली की मांजरं आधी आणि बायका मागाहून खळ्यात, म्हणजे अंगणात, यायच्या. सामन्याच्या वेळी ती मंडपात नव्हती. खाली आपल्या घरी होती.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा पोरं तिच्या मागे लागली. "आज कोणता गाव? आज कोणता गाव?" पहिल्या दिवशी तिला कळलंच नाही, तिने सरळ गावाचं नाव सांगितलं आणि पोरं आणखी चेकाळली. मग कुणीतरी तिला गाणं म्हणून दाखवलं. बायकांना मासळी घ्यायची असायची, पण चारचौघींच्या देखत शिळी म्हणून गाजलेल्या त्या पाटीला हात कोण लावणार? एक घर थांबलं, मग दुसरं. पाऊस सरून मासेमारी पुन्हा सुरू झाली तेव्हा आवडाबाई वाड्यांत आलीच नाही. कुणी फारसं विचारलंही नाही. म्हातारी झाली असेल, म्हणाले.

बुवांच्या घरी मासळीचं काही अडलं नाही. हौसाकाकी आठवड्यातून एकदोनदा कुठूनतरी चांगली मासळी आणायच्या. कुठून, असं विचारलं की 'बाजारातनं' म्हणायच्या. त्यांच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन पाहुण्यांनी बोटं चाटली की बुवा कौतुकाने सांगायचे, "पावस गावच्या बाजारातली हाय. आमच्या हौसाला पारख हाय मासळीची." पुढे सात-आठ वर्षांपूर्वी टेम्पोवाला दारात यायला लागला. ती मासळी बुवांना कधी आवडली नाही. पूर्वीची चव नाही, म्हणून कुरकुरत जेवायचे.

तर या गणपतीत बुवांचा पुतण्या संदेश मुंबईहून आला. तो एका कंपनीत संगणकाचं काम करतो आणि काकाच्या गाण्यांचा त्याला भारी अभिमान. त्याने ट्रंक उपसली, कॅसेटी काढल्या, कसलंसं यंत्र लावून सगळी गाणी उतरवून घेतली आणि यूट्यूबवर चॅनेल काढलं. बुवा म्हणाले, मी मेल्यावर कर काय ते. पण गाणी चढली आणि दुबईतल्या कुणाचं तरी 'बुवा, डोळ्यांत पाणी आलं' असं आलं, तेव्हा बुवांनी तो अभिप्राय संदेशकडून तीनदा वाचून घेतला. आवडाबाईचं गाणं सगळ्यांत जास्त चाललं. संदेशने त्याला नाव दिलं होतं, 'आज कोणता गाव? तुफान कॉमेडी'. त्यातल्या दोन ओळी कापून लोकांनी रील केल्या. त्यांवर मुली नाचल्या, कुणी बोक्याचं तोंड लावलं.

त्याच चॅनेलवर बुवांचं नवं गाणंही होतं, याच गणपतीत गायलेलं. पाण्याच्या योजनेवरचं:

"टाकी बसली माथ्यावरी, नळ बसला दारी,
मधलं पाणी कुणी प्यालं, विचारा सरपंचाघरी."

हे गाणं चढून पंधरवडा होतो न होतो तोच सरपंच अनिल स्वतः पडवीत येऊन बसला. पोरगा गोडबोल्या. काका, काका करत त्याने गूळ खाल्ला, पाणी प्याला, आणि आपल्या बारीत एवढंच सांगितलं की निवडणूक तोंडावर आहे, गाणं मंडपात म्हटलं तोवर ठीक होतं, पण आता ते पार मुंबईपर्यंत गेलं. काढून टाका. नाहीतर नाइलाजाने पोलिसांत अर्ज द्यावा लागेल, हल्ली त्यासाठी वेगळं खातं आहे.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की मी टाकीपासून पाइपाच्या कडेकडेने स्वतः चालत आलो आहे, आणि तुझ्या काजूच्या बागेशी त्याला तोटी आहे, ती मी या डोळ्यांनी पाहिली.

"खोटं असंल तर जबाब दे की," ते म्हणाले. "ग्रामसभा तुझी, माइक तुझा, गावाचा ग्रुप तुझ्या हातात. तुला बारी हाय. मी गाणां काढायचो नाय. चाळीस वर्सां गायलो, खोटां गायलो नाय."

आत भाकऱ्या थापण्याचा आवाज येत होता, तो मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. अनिल उठून गेला. बुवा त्या दिवशी फार खुशीत होते. सत्तेला असं तोंडावर उत्तर देण्यात एक मजा असते, आणि बुवांना ती मजा मनापासून आवडते. संदेशला फोन करून त्यांनी सगळा प्रसंग रंगवून सांगितला.

त्यानंतर चारच दिवसांनी एक तरुण माणूस स्कूटर लावून खळ्यात उभा राहिला. मागे बर्फाची पेटी, पेटीवर लिहिलेलं, 'आवडाबाई ताजी मासळी, पूर्णगड'. हा हितेश, आवडाबाईचा नातू. मोबाइलवर मागणी घेऊन वाड्यावाड्यांत मासळी पोचवायचा धंदा त्याने वर्षभरापूर्वी सुरू केला होता. आजीचं नाव मुद्दाम दिलं होतं. तिच्याएवढी मासळीची पारख बंदरावर कुणाला नव्हती, म्हणून.

बुवांनी त्यालाही बसवलं. त्याने गूळ घेतला नाही. मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला. सकाळी त्याने ताज्या सौंदाळ्यांचा फोटो टाकला होता आणि खाली ओळीने तेच तेच आलेलं: 'आज कोणता गाव?' कुणी हसण्याची चित्रं टाकलेली. कुणी तर पेटीचा फोटो बुवांच्या आवाजाला जोडून रील केलेली. महिनाभरात वरच्या वाड्यांतली मागणी बंद झाली होती. हितेश आवाज न चढवता म्हणाला की एवढं गाणं तुमच्या चॅनेलवरून काढा.

बुवांनी घसा खाकरला आणि जे सरपंचाला सांगितलं तेच त्यालाही सांगायला घेतलं. जुनी रीत आहे, मंडपातलं मंडपात ठेवायचं, मनाला लावून घ्यायचं नाही, आम्ही तर एकमेकांचे बापजादे काढतो.

हितेश एवढंच म्हणाला, "आजी मंडपात नव्हती, बुवा."

आणि उठला. बुवा 'अरे थांब, पाणी तरी' म्हणेपर्यंत स्कूटर पऱ्याच्या, म्हणजे वाडीखालच्या ओढ्याच्या, उतारावर लागली होती.

आता ती खरी गोष्ट सांगायला हवी, जी बुवांनी अठ्ठावीस वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती. आवडाबाईची मासळी शिळी नव्हती. कधीच नव्हती. त्या पूजेच्या आदल्या सकाळीच हौसाकाकींनी तिच्याकडून बांगडे घेतले होते, आणि बुवांनी दोन खाऊन तिसऱ्याकडे पाहिलं होतं. सवालाचं उत्तर येत नव्हतं, मंडप हातातून निसटत होता, आणि सातही वाड्यांना माहीत असलेलं एक नाव त्यांना हवं होतं, बस. माशीने फेर धरला तो त्या घटकेला. आणि नंतर ढाल मिळाल्यावर कोण सांगतं?

पुढचे काही दिवस बुवांचं कशात लक्ष लागेना. नाचणी कापायला गेले आणि विळा तिथेच विसरून आले. संदेशला फोन केला तर तो म्हणाला, काका, एका मिनिटात उडवतो, कुणाला कळणारही नाही. एवढं सोपं होतं. पण बुवा हो म्हणेनात. एक गाणं उडालं की अनिल म्हणणार, ते काढलंत, आता माझंही काढा. आणि ते का काढलं, असं कुणी विचारलं तर? खोटं होतं म्हणून, असं सांगायचं? मग टाकीचं गाणं तरी खरं कशावरून? ज्या एका गोष्टीच्या जोरावर या माणसाने सरपंचाला दारातून परत पाठवलं होतं, तीच गोष्ट आता जायची होती. काढलं नाही, तर एक पोरगा आणि त्याची म्हातारी आजी पुन्हा एकदा धंद्याला मुकत होती. बुवांना स्वतःचा राग आला, आणि राग आला की ते करतात तसं त्यांनी दिवसभर लाकडं फोडली.

शेवटी जेवताना त्यांनी हौसाकाकींना विचारलं की सरपंचाचं आणि आवडाबाईचं, दोघांचंही गाणंच ना, मग मला एक खुपतं आणि एक खुपत नाही, असं का. काकींनी ताटात आमटी वाढली.

"सरपंचाला बारी हाय," त्या म्हणाल्या. "आवडाबायला कंची बारी व्हती?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बुवा पूर्णगडला गेले. आवडाबाई दारात बसून सुकवलेली मासळी निवडत होती. पाठीला बाक आला होता, पण डोळे तेच, मासळीचा कल्ला उघडून एका नजरेत ओळखणारे. बुवांना तिने लगेच ओळखलं आणि बसायला सांगितलं नाही. ते उभ्यानेच बोलले. म्हणाले, गाणं काढून टाकतो, आजच सांगतो पुतण्याला.

तिने हातातली मासळी निवडून संपवली.

"काढून काय?" ती म्हणाली. "ता काय तुज्या मोबाइलात हाय? ता पोरांच्या तोंडात हाय. तू काढशील, पण माजी मासळी शिळी व्हती ता ऱ्हायलांच की जगाच्या डोक्यात. नको काढू. मना माजी बारी दे."

बुवांना आधी नीट कळलं नाही. मग कळलं. तिचं म्हणणं सरळ होतं. तुमच्यात रीत आहे ना, एकाने गायलं की दुसऱ्याने उत्तर द्यायचं? मग माझं उत्तर राहिलं आहे. तुझ्या खळ्यात, तुझ्या वाडीसमोर, तुझ्या त्या गाण्याला चिकटवून. मी बोलेन तोवर तू गप्प बसायचं. आणि माझं झालं की तू एवढंच सांगायचंस, मासळी शिळी होती की ताजी.

बुवा हो म्हणाले. परतताना एसटीत त्यांना मनातून वाटत होतं की बरं होईल, म्हातारीचे गुडघे एवढी चढण चढायचे नाहीत. असं वाटल्याची लाजही वाटत होती.

रविवारी ती आली. हितेशच्या स्कूटरवर मागे बसून, नऊवारी नेसून, पेटीला एका हाताने धरून. मंडळाची तालीम होती, त्यामुळे खळ्यात पोरं होती, मृदंगवाला होता, आणि बातमी फुटल्यामुळे अर्धी वाडी जमली होती. कुणाला कुठे बघावं ते कळत नव्हतं. एका कोपऱ्यातून एका लहान मुलाने सवयीने 'आज कोणता' म्हणून सुरुवात केली आणि त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. लहानपणी तीही त्या पाटीमागे ओरडत धावलेली होती.

बुवांनी आवडाबाईला स्वतःच्या जागेवर बसवलं, शाहीर बसतो तिथे. तांब्या आणि गूळ पुढे ठेवला. माइक तिच्यासमोर सरकवला. हितेशने मोबाइल धरला. बुवा म्हणाले, "हां, आवडाबाय. तुझी बारी."

तिला माइकची सवय नव्हती, आणि त्याची गरजही नव्हती. जिने तीस वर्षं सात वाड्यांत हाळी घातली तिचा आवाज तसाच होता.

"मी आवडा. होडी लागायची तवा मी बंदरावर असायची, आणि ऊन चढायच्या आत तुमच्या खळ्यात. उरली मासळी मी खारवायची. दुसऱ्या दिसाला पाटीत घालून कदी वर आणली नाय. ह्यां तुमा सगळ्यांना ठावक व्हतां. तरी हसलांत. शाहिराचा मना येवडा राग नाय. गाणारा गातो. पण तुमी माज्या हातची खाल्लेली व्हती.

"पोरां पाठी लागायची. मी काय बोलू त्यांना? मना गाणां येत नाय. मी पाटी उचलून चालायची. मगे यायची बंद झाली. वरच्या गावाला जायची, तवा तुमची वाडी टाळून पऱ्याच्या वळणावरनं जायची. तितं एक बाय उभी ऱ्हायची. पदराखाली भांडां घेऊन. ह्याच वाडीतली. वीस वर्सां तिनं माजी मासळी घेतलीन. माजे गुडघे गेले तवा थांबलां. ती कोण, ता मी सांगनार नाय. नको सांगू म्हटलांन तिनं. आणि चारचौघांत नाव घेतलां की काय व्हतां, ता माज्यापरीस कुणाला जास्त ठावक?

"झाली माजी बारी."

गूळ तिने पदरात बांधला आणि पाणी प्यायली. खळ्यात बायका एकमेकींकडे बघत होत्या. हौसाकाकी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि त्या कुणाकडेच बघत नव्हत्या.

बुवांनी नेहमीप्रमाणे घसा खाकरला. "मासळी ताजी व्हती," ते म्हणाले. "आदल्या दिसाला मीच दोन बांगडे खाल्ले व्हते. विठूबुवांच्या सवालाचा जबाब मना येत नव्हता, म्हणून मी खोटां गायलो." एवढं बोलून ते खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मृदंगवाल्याने उगाच मृदंगाची शाई पुसली.

संदेशने काकाच्या सांगण्यावरून 'तुफान कॉमेडी' हे नाव काढलं आणि गाण्याच्या पाठोपाठ आवडाबाईची बारी जोडली. ती गाण्याइतकी चालली नाही, हेही सांगायला हवं. लोकांना दोन ओळींचं हसू पाहिजे असतं. म्हातारीची तीन मिनिटं ऐकायला सवड कुणाला? रील अजून फिरतात. पण वरच्या वाड्यांत हितेशची पेटी पुन्हा उघडू लागली, आणि पूर्णगडात आवडाबाई ती बारी येणाऱ्या-जाणाऱ्याला हितेशच्या मोबाइलवर लावून दाखवते.

अनिलने मात्र क्षणाचीही उसंत घेतली नाही. बुवांचं 'मी खोटं गायलो' एवढंच कापून त्याने गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, आता टाकीचं काय ते तुम्हीच ठरवा. बुवांना हे होणार ते ठाऊक होतं, तरी झोंबलंच. दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग त्यांनी संदेशकरवी टाकीच्या गाण्याखाली चार शब्द लिहून घेतले. मी सांगतो म्हणून मानू नका. टाकीपासून पाइपाच्या कडेने चालत जा, वीस मिनिटं लागतात. पुढच्या रविवारी अकरा माणसं चालत गेली. त्यातले दोघं अनिलचेच मतदार. तोटीचा फोटो ग्रुपवर आला. त्यावर अनिलने अजून काही लिहिलेलं नाही, आणि पोलिसांकडूनही कुणी आलेलं नाही.

पण हे सगळं मागाहून. आवडाबाई आली त्या रविवारी, खळं रिकामं झाल्यावर, बुवा पडवीत बसून राहिले होते. जाताना आवडाबाईने पेटीतले चार बांगडे केळीच्या पानात ठेवले होते. काकींनी तिखलं केलं, ताट वाढलं. बुवांनी पहिला घास घेतला आणि थांबले. टेम्पोवाल्याच्या मासळीला नसलेली ती चव होती.

"पऱ्याच्या वळणावर कोण जायची?" त्यांनी विचारलं.

"मी," काकी म्हणाल्या.

"वीस वर्सां?"

"मासळी चांगली व्हती तिची."

बुवांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले की तू मला सांगायचं होतंस. त्याच वेळी सांगायचं होतंस.

काकींनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच बुवांना जास्त लागलं. "अनिलला तुमी सांगत व्हतांव, चाळीस वर्सां खोटां गायलो नाय. मी आत भाकरी थापत व्हती. काय बोलू? तुमी साऱ्या गावाला बारी देतांव. सरपंचाला दिलांत, आज आवडाबायला दिलांत. मना माजी बारी कदी दिलांत तुमी?"

बुवा उठले. हात धुतले. स्वतः आत गेले, तांब्या भरून आणला, डब्यातून गुळाचा खडा काढला, आणि दोन्ही वस्तू हौसाकाकींसमोर ठेवल्या. मग समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हां. आता तुझी."

काकींनी गूळ तोंडात टाकला, वरून पाणी प्यायल्या, पदराला हात पुसले, आणि लग्नापासून सुरुवात केली.